मोटर बदलू नका, आधी बॅटरीचं वजन करा

गंगाखेडकडच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्याने नऊ हजारांत रिमोटवर उडणारं फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ प्लेन घेतलं. पंखांची लांबी सव्वा मीटर, चार चॅनल, २२१२ ची १००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे) मोटर. धाकटा भाऊ हाताने प्लेन फेकतो, हा रिमोट धरतो. तीन वेळा उडवलं आणि तिन्ही वेळा एकच झालं : प्लेन हातातून सुटताच नाक वर करून चढलं, दहा-पंधरा मीटरवर हवेत थबकलं, डावीकडे कलंडलं आणि नाकावर आपटलं. दुकानदार म्हणतो मोटर कमी पडते, मोठी घ्या. ओळखीचा एक जण म्हणतो गायरो (प्लेन आपोआप सावरणारं छोटं यंत्र) लावा. जवळपास क्लब नाही. आता काय घेऊ?

भाऊ, या महिन्यात काहीच घेऊ नका. तुमचा पैसा वाचावा एवढ्यासाठीच हे लांबलचक लिहायला बसलोय.

मी लातूरला मोटार रिवायंडिंगचं काम करतो आणि एकोणीस वर्षांपासून रविवारी सकाळी प्लेन उडवतो. आम्ही सात-आठ जण आहोत. नवशिक्यांची प्लेनं पडताना इतकी पाहिलीत, की पडण्याच्या वर्णनावरून बराच अंदाज येतो. तरी तुमचं प्लेन मी हातात घेतलेलं नाही. उन्हाने पंखाला पीळ पडला असेल, मोटर वाकडी बसली असेल, तर ते इथून दिसणार नाही. म्हणून मी ज्या क्रमाने लिहितोय त्याच क्रमाने तपासा.

ज्या प्लेनमध्ये जोर कमी असतो ते चढतच नाही. फेकल्यावर पसरट जातं, खाली खाली येतं आणि तीस-चाळीस पावलांवर शेतात पोटावर बसतं. तुमचं तर जवळजवळ उभं चढतंय. जोर भरपूर आहे. दुखणं असं आहे की नाक वर जातंय आणि ते खाली आणायला कुणी नाही. चढता चढता वेग संपतो, पंखावरची हवा सुटते, आणि मग ते प्लेन राहत नाही, नऊशे ग्रॅमचा फोमचा तुकडा होतो. यालाच स्टॉल म्हणतात. आणि डावीकडेच का पडतं? मोटरवरचं पातं (प्रोपेलर) मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखं उजवीकडे फिरतं, त्याचा उलटा पीळ प्लेनला डावीकडे लोटतो. वेग असताना एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्ट्या, तो पीळ सहज सांभाळतात. वेग संपला आणि थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण उघडा असला की सांभाळायला काही उरत नाही. म्हणजे मोठी मोटर बसवली तर प्लेन आणखी उभं चढेल आणि डावीकडे आणखी जोरात पडेल.

आता नाक वर का जातंय ते बघू. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, तुम्ही ते सहज लिहून गेलात आणि मी तिथेच थांबलो : 'सोबत आलेली २२०० ची बॅटरी फुगली म्हणून मित्राची १५०० ची टाकली, चालते.' मोटर तिच्यावर चालते, हे खरं. पण तीन सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) साधारण १८० ग्रॅमची असते, आणि १५०० ची १३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्लेनच्या नाकातून ५० ग्रॅम गेले. बॅटरी तोलबिंदूच्या (सीजी, जिथे प्लेन पुढे-मागे सारखं तोललं जातं) पुढे साधारण १५ सेंटीमीटरवर बसते असं धरा आणि हिशोब करा : ५० गुणिले १५ म्हणजे ७५०, भागिले प्लेनचं उरलेलं वजन ८५०. तोलबिंदू जवळजवळ नऊ मिलिमीटर मागे सरकला. तुमच्या पंखाची रुंदी (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत) वीस सेंटीमीटर असेल तर ट्रेनरचा सीजी पुढच्या कडेपासून पाच ते सहा सेंटीमीटरवर हवा, म्हणजे रुंदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर. तो आता सात सेंटीमीटरच्या जवळ गेला. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण शेपटीकडे जड झालेलं प्लेन एलेव्हेटरला (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) एवढं चटकन ऐकतं की नवख्या माणसाचा अंगठा नुसता थरथरला तरी नाक आकाशाला लागतं. नाकाकडे थोडं जड प्लेन आळशी उडतं, लांबवर उतरतं, पण शाबूत घरी येतं.

सीजी असा बघा. पंखाच्या खाली, प्लेनच्या पोटालगत दोन्ही बाजूंना पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटीमीटरवर स्केचपेनने खूण करा. (प्लेनच्या कागदावर वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा, माझा नको.) बॅटरी आत, झाकण लावलेलं, पातं बसवलेलं, म्हणजे उडताना असेल तसंच्या तसं. पंखा बंद करा, खोलीत वारा नको. दोन तर्जन्या त्या खुणांवर टेकवून प्लेन उचला. नाक अगदी किंचित खाली झुकून थांबलं पाहिजे. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. जागा संपली तरी शेपटी खालीच राहत असेल, तेव्हाच नाकात वजन चिकटवा. तुमच्या बाबतीत खरा उपाय म्हणजे मूळ वजनाची नवी बॅटरी. महिन्याभराने घ्यायची एकच वस्तू सांगायची तर ती हीच.

याशिवाय दोन कारणं भर घालत असतील. भाऊ प्लेन वर फेकत असणार. क्रिकेटचा चेंडू सीमेवरून टाकायची सवय असलेला प्रत्येक मुलगा तसंच फेकतो. प्लेन भाल्यासारखं फेकायचं, वाऱ्याच्या तोंडावर, नाक समोरच्या बांधाच्या रेषेत. पंख सपाट हवेत. फेकताना बोटं पात्यापासून लांब, आणि फेकणाऱ्याने 'सोडतोय' असं मोठ्याने म्हटल्याशिवाय थ्रॉटल उघडायचा नाही. दुसरं कारण एलेव्हेटर. तो किती हलतो ते मोजपट्टीने मोजा. वर-खाली आठ-दहा मिलिमीटर पुष्कळ झालं. नव्या प्लेनमध्ये तो वीस-वीस मिलिमीटर हलताना मी पाहिलाय. सर्व्होच्या (पट्टी हलवणारी छोटी मोटर) हातावरचं तारेचं टोक एक भोक आत घ्या, किंवा रिमोटमध्ये ड्युअल रेट (पट्टीची हालचाल कमी करायची सोय) साठ टक्क्यांवर आणा आणि एक्स्पो तीस ठेवा. एक्स्पो लावल्यावर मधल्या भागात रिमोटची काठी मऊ होते. नवख्या अंगठ्याला ते हवंच असतं.

तर इथपर्यंत : बॅटरी हलकी झाली, तोल मागे गेला, भावाने वर फेकलं, एलेव्हेटर जास्त हलत होता. चौघांनी मिळून नाक वर केलं. यात मोटरचा दोष नाही.

आता वेळेचं. तुम्ही लिहिलंय की दुपारी चारला, भाऊ क्लासवरून आल्यावर उडवता, आणि हे एप्रिलमध्ये. मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी चारला मी स्वतःचं जुनं, सवयीचं प्लेनसुद्धा काढत नाही. आपलं पठार समुद्रसपाटीपासून चार-सहाशे मीटर उंच आणि वर बेचाळीस अंशांचं ऊन. अशी हवा समुद्रकाठच्या पंधरा अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ पंधरा टक्के विरळ असते. विरळ हवेत पंख तेवढंच वजन उचलायला जास्त वेग मागतो, सात-आठ टक्के जास्त. पातंही कमी ओढतं. दुकानदाराला मोटर 'कमी पडते' असं वाटलं, त्यात थोडा हात या उन्हाचाही असेल. शिवाय तापलेल्या काळ्या रानावरून उठणारा हवेचा उमाळा एक पंख उचलतो आणि दुसरा तसाच सोडतो. वावटळ तर समोरून येताना धुळीमुळे दिसते तरी. नांगरलेलं रान नसेल, गवताळ माळ असेल, तर तीसुद्धा दिसत नाही.

सूर्य उगवल्यापासून दीड-दोन तास, एवढीच शिकायची वेळ. ऋतू म्हणाल तर दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा दिवसभर लावून धरतो आणि काळी माती चाकाला अशी धरते की प्लेन जागचं हलत नाही. वारा मोजायचं यंत्र नको. कडुनिंबाची नुसती पानं सळसळत असतील तर चालेल. बारीक फांद्या सतत हलायला लागल्या की वारा ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वर गेला समजा आणि डबा उघडून पोहे खा.

जागेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. गोदाकाठच्या काळ्या रानात उन्हाळ्यात मनगट जाईल अशा भेगा पडतात, तिथे चाकांवर उतरणं शक्य नाही. चाकं काढून टाका, पोटावर उतरवा. सोयाबीन काढलेलं रान त्यातल्या त्यात बरं. ज्वारीची धसकटं मात्र फोमला सुयांसारखी भोसकतात. सगळ्यात चांगला मुरमाड माळ किंवा बारीक गवताचं गायरान, पण तिथे गुरं चरायला किती वाजता येतात ते आधी विचारून घ्या. उसापासून आणि तुरीपासून दोनशे पावलं लांब राहा. प्लेन उसात गेलंच, तर पडलं त्या दिशेला क्षितिजावरचं एखादं झाड नाहीतर टॉवर लगेच डोळ्यांत धरा. एकाने जागेवर उभं राहून हाताने दिशा दाखवत राहायचं, दुसऱ्याने त्या रेषेत चालत जायचं. दोघेही पळत सुटले की रेष हरवते. शेतातल्या पंपाच्या विजेच्या तारांवर प्लेन अडकलं तर बांबू हातात घ्यायचाच नाही. लाइनमनला सांगा, नाहीतर प्लेन गेलं असं समजा. मी दोन प्लेनं तशीच सोडून दिली आहेत.

गावाचंही बघावं लागतं. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याकडे गावोगाव रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या फिरत होत्या, लोक काठ्या घेऊन जागत होते. आकाशात काही गुणगुणलं की माणसं आजही विचारतात, आणि विचारणं बरोबरच आहे. उडवायच्या आधी पोलीस पाटलांना आणि ज्यांचं रान आहे त्यांना प्लेन हातात घेऊन दाखवा. कॅमेरा नाही हे दाखवा. नियमांचं म्हणाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचं यंत्र मायक्रो प्रकारात येतं, तुमचं त्यातच बसतं. छंद म्हणून मायक्रो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, पण सरकारी नकाशावरच्या हिरव्या भागात (जिथे परवानगी लागत नाही) १२० मीटरच्या वर जायचं नाही आणि प्लेन कायम डोळ्यांना दिसत राहिलं पाहिजे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. गंगाखेडहून नांदेड आणि लातूर दोन्ही विमानतळ लांब आहेत, तरी सरकारी नकाशावर आपलं रान कुठल्या रंगात आहे ते बघून घ्या. नोंदणीचे सध्याचे नियमही तिथेच वाचा. तसं तुम्हाला पहिले सहा महिने चाळीस मीटरच्या वर जायची गरजच पडणार नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. तुम्ही लिहिलंय, 'जवळ क्लब नाही, एकटाच शिकतोय.' तुमची खरी अडचण ही आहे. मोटर, गायरो, बॅटरी या गोष्टी त्या मानाने किरकोळ आहेत.

आमच्या क्लबला पाटी नाही, खोली नाही, वर्गणी म्हणजे चहाचे पैसे. पण एक रीत आहे : नवीन माणूस पहिले वीस-पंचवीस वेळा दोन रिमोटवर उडवतो. दोन्ही रिमोट एका वायरने जोडलेले, माझ्या रिमोटवर एक बटण. बटण दाबून धरलं की प्लेन त्याच्या हातात, सोडलं की माझ्या. पंधराएक वर्षांचा एक पोरगा आमच्याकडे यायचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, हात अगदी स्थिर. संगणकावर प्लेन उडवायच्या सिम्युलेटरवर बिनचूक उडवायचा. पहिल्या दिवशी प्लेन वर नेऊन मी बटण दाबलं आणि म्हटलं, 'दे डावीकडे.' त्याने दिलं. प्लेन वळून आमच्याकडे तोंड करून यायला लागलं आणि तो गोठला. कारण प्लेन समोरून आलं की डावं-उजवं उलटं होतं, काठी उजवीकडे केली तर प्लेन आपल्या डावीकडे जातं. त्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं मला दिसत होतं. मी काही बोललो नाही, बटणही सोडलं नाही, कारण खाली अजून तीस मीटर हवा होती. पंख तिरका होत गेला, होत गेला, आणि मग तो ओरडला, 'मामा, घ्या!' मी बटण सोडलं, प्लेन सरळ केलं, वर नेलं आणि परत त्यालाच दिलं. त्या सकाळी त्याने अकरा वेळा 'घ्या' म्हटलं, पुढच्या रविवारी चार वेळा. तिसऱ्या रविवारी समोरून येणाऱ्या प्लेनचा खाली गेलेला पंख त्याने स्वतः सावरला. मी त्याला एकच युक्ती सांगितली होती : समोरून येताना जो पंख खाली जाईल, त्याच्या बाजूला काठी कर, जणू त्याच्या खाली टेकू देतोयस.

ते प्लेन एकट्याच्या हातात अकरा वेळा पडलं असतं. तीन वेळा पडल्यावरच तुम्ही मोटर बदलायला निघालात, यात तुमची चूक नाही. एकट्या माणसाला कळतच नाही की पडलं ते हाताने, तोलाने की वाऱ्याने. बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने नुसतं 'नाक बघ' एवढं म्हटलं तरी पुष्कळ प्लेनं वाचतात.

म्हणून दोन वाटा सांगतो. एक, हिवाळ्यात महिन्यातून एक रविवार लातूरला या. पहाटे निघावं लागेल, पण आदल्या रात्री आलात तर आमच्यापैकी कुणाकडेही मुक्काम होईल, यात संकोच करू नका. दुसरी, तुमच्याच तालुक्यात अजून दोघे-तिघे शोधा. अभियांत्रिकी किंवा आयटीआयची मुलं, एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेला कुणी, ड्रोनने फवारणी करणारा एखादा. फवारणीवाल्याला वारा आणि बॅटरी या दोन्हींची जाण चांगली असते. एकाने उडवायचं, एकाने फक्त आजूबाजूला बघायचं. हे बघणाऱ्याचं काम मी फार मानतो. एका कोरड्या पाझर तलावात मी उतरायला आलो होतो आणि कडेवरची पोरं प्लेन पकडायला म्हणून खाली धावली. आमच्यातल्या एकाने वेळेत हाक दिली, मी थ्रॉटल बंद करून प्लेन मुद्दाम वेड्या बाभळीत घातलं. पंख मधोमध तुटला. पोराच्या तोंडासमोरून पातं गेलं असतं तर मी पुन्हा रिमोट हातात धरला नसता.

तोपर्यंत घरी सिम्युलेटर करा. पिकासिमसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, तुमचाच रिमोट वायरने संगणकाला जोडता येतो. मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवून अंगठ्याला सवय लागत नाही, म्हणून रिमोटच जोडा. दहा-बारा तास फक्त समोरून येणारं प्लेन आणि उतरणं. कसरती नकोत.

गायरोबद्दल माझं मत पूर्ण विरोधाचं नाही. वाऱ्यात तो मदत करतो, आणि जवळ शिकवणारा नसेल तर शिकताना लावायला हरकत नाही. पण तोल मागे गेलेल्या प्लेनला तो वाचवू शकत नाही, आणि उलटा बसवला तर पहिल्याच सेकंदाला आपटवतो. लावलाच तर प्लेन हातात धरून डावा पंख झटक्याने खाली करा. डाव्या पंखाचा एलेरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे तो पंख परत उचलायला. उलट होत असेल तर उडवू नका.

फुगलेल्या बॅटरीचं राहिलं. ती पुन्हा चार्ज करू नका, आणि घरात तर ठेवूच नका. नव्या बॅटरीला २२०० ची असेल तर २.२ अँपियरने चार्ज करा, फरशीवर, पलंगापासून आणि पडद्यापासून लांब. मी मातीच्या कुंडीत ठेवून करतो आणि बाजूला वाळूची बादली असते. चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही. एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि उतरवताना ३.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. रिमोटचा टायमर सहा मिनिटांवर लावा म्हणजे ते आपोआप सांभाळलं जातं. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवून द्या. तुमची पहिली बॅटरी फुगली ती बहुतेक भरलेली ठेवल्यामुळे किंवा मोटरसायकलच्या डिकीत उन्हात राहिल्यामुळे. दोन्ही आपल्याकडे फार होतं.

नाकाचा फोम चेपला असेल तर फेकू नका. उकळतं पाणी हळूहळू ओतलं की ईपीओ फोम (अशा प्लेनचा लवचीक फोम) बराचसा परत फुगतो. तुटलेल्या जागी फेविक्विक चालेल, पण साध्या थर्माकोलवर ते लावलं तर थर्माकोल विरघळतो, म्हणून आधी कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा. पंखाला आधार म्हणून फ्लेक्सवाल्याकडचं सनपॅक (पोकळ प्लास्टिकचा पत्रा) कापून लावलं तरी काम भागतं. पातं मात्र नवीनच घ्या. चीर गेलेलं पातं फिरताना तुटून डोळ्यात जाऊ शकतं.

आज रात्री एवढंच करा : किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही बॅटऱ्यांचं वजन करा, पंखाची रुंदी मोजा, दोन बोटांवर तोलून सीजी कुठे येतो ते बघा. हे तीन आकडे लिहून पाठवा, सोबत प्लेनचा बाजूने काढलेला एक फोटो, मोटर कुठल्या कोनात बसली आहे ते दिसेल असा. मी रविवारी रानातून आल्यावर बघून सांगतो.